एक इंच म्हणजे चार फूट

सोमवार, १० नोव्हेंबर २०२५

मेहनाजचे गुडघे कालच्यापेक्षा बरे. शेजारच्या नफिसाआपांचा दमा वाढलाय. सकाळी खिडकीतून विचारलं तर बोलल्या नाहीत, हातानंच 'चाललंय' म्हणाल्या. सिद्राच्या पोरीचा ताप उतरला. लडकूचा खोकला तसाच, बिडी सोडत नाही. माझी साखर एकशे चाळीस. बाकी ठीक.

वहीत रोज आधी तब्येती लिहितो म्हणून मेहनाज चिडवते, बायकोच ती. "झहीरमियांनी तब्येत विचारली की समोरच्यानं समजावं, जागा मोजून झाली." मोहल्ल्यातही हाच विनोद चालतो. चालू दे. कब्रस्तानाचा नकाशा माझ्याकडे आहे, तर बोलणी पण माझ्याकडेच येणार.

वही नवी आहे, म्हणून एकदा लिहून ठेवतो. आमचं कब्रस्तान नदीला लागून. दर पावसाळ्यात पाणी आत येतं, मातीचे उंचवटे गाळाखाली जातात, डोक्यापायाशी ठेवलेले दगड सरकतात. पावसाळा सरला की सगळं सपाट, पोळपाटासारखं. कोण कुठं झोपलंय ते कुणाला सांगता येत नाही. ते फक्त माझ्या कॉम्प्युटरात. शाळा चौथीपर्यंत, जन्म गेला सुतारकीत, माथेरानच्या हॉटेलांची दारं-खिडक्या करण्यात, आणि चौसष्टाव्या वर्षी माऊस हातात धरला तो या एका कामासाठी. आठ वर्षं झाली.

आज कर्जतहून हर्षला आली होती. तिचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. म्हणाली, "चाचा, तुमची सिस्टीम म्हातारी झाली. नवी टाकते, नाहीतर एक दिवस सगळं घेऊन बसेल." तीन तास लागले. नकाशा जसाच्या तसा निघाला, एक नाव इकडचं तिकडं नाही. मी अल्लाचा शुक्र केला. मेहनाजनं तिला घावणे खायला घातले.

अक्षरं जरा धुरकट दिसतात. तिला बोललो. "नवीन आहे, नजर बसेल," म्हणाली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नजर काही बसत नाही. चष्मा दोनदा पुसला.

बुधवार, १२ नोव्हेंबर

नफिसाआपा गेल्या. पहाटे, फजरच्या नमाजाआधी. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठ्या, माझं नाक पुसलेलं त्यांनी.

त्यांचा मुलगा हुजैफा कुवेतला. त्याला विमान मिळेना. फोनवर एवढंच म्हणाला, "चाचा, अम्माला जागा चांगली बघा. तुमच्यावर सोपवलं."

जागा बघितली. नेहमीसारखीच. नकाशा शंभर टक्क्यांवर आहे ना, ते आधी पाहिलं. शंभरच होता. मग स्टीलची फूटपट्टी काचेला लावली. एक इंच म्हणजे चार फूट, हे माझं माप पहिल्या दिवसापासूनचं. तिसऱ्या ओळीत सिद्राच्या नवऱ्याच्या, तल्हाच्या, अलीकडची चौकट मोकळी होती. फाटकाच्या खांबापासून पट्टीवर दहा इंच पाच सूत आले, आठ सुतांचा एक इंच. म्हणजे साडेबेचाळीस फूट. चिठ्ठी लिहिली, लडकूला दिली, आणि तिथल्या तिथं आपांची चौकट हिरवी करून नाव घातलं. चिठ्ठी गेली की चौकट भरायची, मागं ठेवायचं नाही, ही माझी रीत.

लडकू वाडीवरचा. वीस वर्षं तोच खोदतो. मी माझ्याही गुडघ्यांमुळं फाटकाशी बाकावरच बसून होतो. दुपारी तो घाम पुसत आला.

"झालं?"

"झालं. माती नरम हाय तिथली. लवकर झालं."

मग जनाजा आला. माती दिली. सगळं नीट पार पडलं. अल्ला आपांना जागा देवो.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

आज जे झालं ते लिहायला हात धजत नाही. पण वहीशी खोटं बोलून काय मिळणार.

आमच्या मोहल्ल्यात बायका कब्रस्तानात जात नाहीत. पूर्वीपासून तसंच आहे. म्हणून त्या माझ्याकडं येतात. मेहनाज त्यांना आत घेते, मी ज्या त्या बाईच्या माणसाची ओळ पडद्यावर लावून देतो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. त्या चौकटीसमोर बसून दुवा मागतात. हे मी काढलेलं नाही. पहिल्यांदा आपांनीच मागितलं, "झहीर, आमच्या मालकांची जागा दाखव बघू." तेव्हापासून सुरू झालं.

सिद्रा दर शुक्रवारी येते. तीस वर्षांची सुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी, जुलैत, तिचा तल्हा माथेरानच्या घाटात मोटरसायकल घसरून गेला. ती रिसॉर्टच्या किचनमध्ये भाजी चिरायला जाते, पोरगी सासूकडं ठेवते. रिसॉर्ट कळंबच्या पुढं. संध्याकाळी सुटली की दिवस मावळायच्या, मगरीबच्या नमाजाच्या आधी येऊन बसते. पाच मिनिटं. कधी दहा.

आज बसली आणि लगेच हाक मारली.

"चाचा, जरा आत या."

गेलो.

"यांची चौकट आज रुंद का दिसते?"

"रुंद?"

"थोडीच. पण रुंद आहे. माझा तळहात बसायचा बरोबर. आज बाहेर उरतेय."

मी हसण्यावारी नेलं. "तुझा हात वाळला असेल, खात जा." ती पण हसली. दुवा मागितली, गेली.

ती गेल्यावर मी पट्टी काढली. चौकट तीन फुटांची, म्हणजे पाऊण इंच. सहा सूत भरायला हवी. सहाच्या थोडी पुढं भरली. अर्धा सूतसुद्धा नाही! पण पुढं भरली.

वाटलं, पट्टी तिरकी धरली असेन. पुन्हा मापली.

पुन्हा मापली.

शनिवार, १५ नोव्हेंबर

सकाळी चहा पिण्याआधी नकाशातल्या चिंचेच्या झाडाला पट्टी लावली. ती चिंच मी गोल काढलेली आहे, बारा फूट रुंद जागा सोडून. उभी तीन इंच भरली. आडवी तीन इंच दीड सूत.

गोलाचं अंडं झालंय.

उभं माप बरोबर, आडवं चुकीचं. म्हणून लक्षात आलं नाही. सगळंच मोठं झालं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं.

कागद घेऊन बसलो. खांबापासून दहा इंचाला अर्धा-पाऊण इंच वाढतो. म्हणजे पडद्यावर दहा इंच पाच सूत दिसलं ते खरं तर दहाच इंच. चाळीस फूट. आपांची जागा चाळीसवर सुरू होऊन त्रेचाळीसला संपायची. मी चिठ्ठीत लिहिलं साडेबेचाळीस.

त्रेचाळीसपासून सेहेचाळीसपर्यंत तल्हा आहे.

आणि लडकू म्हणाला होता, माती नरम आहे. तिथली जमीन मुरमाची. कोरी असेल तर पहार टणकन वाजते. नरम म्हणजे आधी उकरलेली. उकरलेली म्हणजे —

पुढं लिहवत नाही.

रविवार, १६ नोव्हेंबर

मेहनाजनं सुकट केली होती. ताटावरून उठलो.

सोमवार, १७ नोव्हेंबर

तब्येती आज विचारल्या नाहीत कुणाच्या.

मनाला सांगितलं, झहीर, आधी खात्री कर. बिघाड पडद्यात आहे की तुझ्या डोक्यात ते बघ. हर्षलाला फोन लावला. म्हणाली, "चाचा, मी खोपोलीला आहे, बुधवारी येते. तोवर हात लावू नका." सुताराला हात लावू नका म्हणणं म्हणजे मांजराला दूध राखायला बसवणं.

मोकळ्या जागी माऊसचं उजवं बटण दाबलं. यादी उघडली. त्यात पडद्याची सेटिंग. तिथं आकड्यांच्या जोड्या. आपला आकडा बाराशे ऐंशी गुणिले सातशे अडुसष्ट. जुना आकडा कोणता होता ते मला कधी माहीतच नव्हतं. कोण बघतं? दार नीट लागत असलं की बिजागरीचा नंबर कुणी विचारत नाही.

खालचा एक आकडा निवडला. सगळं भोपळ्यासारखं फुगलं. वरचा निवडला तर पडदा काळा. नकाशा गेला, एकशे त्रेपन्न माणसं गेली असं वाटलं. पंधरा सेकंदांनी आपोआप परत आलं आणि विचारतं, 'हे बदल ठेवायचे का?' मी ठेवा-नका करेपर्यंत उलटे आकडे मोजत गेलं आणि पुन्हा पहिल्यासारखं झालं. आणखी एक सापडलं, शंभर टक्के, सव्वाशे टक्के. ते नकाशाचं नाही, सगळ्या पडद्याचं. म्हणजे मी ज्या शंभरावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्याच्या पाठीमागं आणखी एक शंभर बसलेला आहे. आणि त्याच्याही मागं ते आकडे. आठ वर्षं मी वरचा कप्पा तपासून कुलूप लावत आलो.

वायर काढून घट्ट बसवली. बंद करून चालू केलं. दर वेळी चिंचेला पट्टी. दर वेळी अंडं.

मेहनाज दारात उभी. "त्या डब्याला इतके डोळे लावलेत, तेवढे लग्नात माझ्याकडं लावले नव्हते."

मी हसलो नाही. तिनं निरखून पाहिलं आणि आत गेली.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

हुजैफाचा फोन. "चाचा, अम्मा कशी आहे तिथं?" असं विचारलं त्यानं. मी म्हटलं, बरी आहे. डिसेंबरात येतोय. म्हणाला, "आलो की तुमच्याबरोबर जाऊन बघेन."

लडकूची चौकशी केली. तो खालापूरकडं वीटभट्टीवर गेलाय, रविवारी येईल. मोबाईल लागत नाही.

खांदा दिलेल्यांपैकी कुणालातरी विचारावं, खड्ड्यात काही निघालं का? जिभेवर आलं आणि गिळलं. असं विचारलं की प्रश्नच गावभर फिरतो, उत्तराची वाट कोण बघतो. 'झहीरभाईचा नकाशा म्हणजे दगडावरची रेघ', असं म्हणतात हे लोक. जमातीच्या बैठकीत म्हणतात. मला मान खाली घालून ऐकायला बरं वाटायचं. आता तेच आठवून मान वर होत नाही.

बुधवार, १९ नोव्हेंबर

हर्षला आली. आल्याआल्या, "कोणी हात लावलाय ते मी विचारणार नाही."

मी चिंच दाखवली. पट्टी लावून दाखवली. ती हसता हसता थांबली.

"पट्टीनं मोजता तुम्ही? काचेवर?"

"मग कशावर?"

"चाचा, चौकटीवर टिचकी मारली की फूट-इंच खाली लिहून येतात. प्रोग्राम स्वतः सांगतो."

मी म्हटलं, सुताराला लाकूड बोललेलं कळत नाही, पट्टी बोललेलीच कळते.

तिनं समजावून सांगितलं. माझ्या पडद्याला आडवे तेराशे सहासष्ट ठिपके. नव्या सिस्टीमला पडदा ओळखणारी फाईल मिळाली नाही, तिला ड्रायव्हर म्हणतात. म्हणून सिस्टीमनं अंदाजानं बाराशे ऐंशी धरले आणि तेवढेच ठिपके पूर्ण काचेवर ताणून बसवले. मला कळलं ते असं: तव्यावर चौदा आंबोळ्या बसायच्या, तिथं तेरा घातल्या आणि तवा भरावा म्हणून प्रत्येक थोडी पसरवली. आंबोळी कुणी पट्टीनं मोजत नाही, म्हणून जगाचं बिघडलं नाही. माझं बिघडलं.

फाईल आणली, बसवली, यादीत तेराशे सहासष्ट दिसायला लागलं. पुढं 'शिफारस केलेले' असं लिहिलेलं. दाबलं. अक्षरं लख्ख. चिंच गोल.

"झालं ना, चाचा? आता तरी चेहरा हलवा."

तिच्यादेखत आपांच्या चौकटीला पट्टी लावली. दहा इंच. एक सूतही इकडं तिकडं नाही.

तोवर मनात एक फट होती, की माझंच गणित चुकलं असेल. ती बुजली.

ती पोर हळहळत होती. "माझं पण चुकलं. तुम्ही धुरकट म्हणालात तेव्हाच बघायला हवं होतं." तिला काय सांगू. तिला वाटतंय, अक्षरं धुरकट होती म्हणून मी घाबरलो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

मेहनाजला सांगितलं. भांडी घासत होती, हात तसेच राखेत ठेवून ऐकलं तिनं.

"म्हणजे आपा... तल्हावर?"

"तसंच दिसतंय."

मग म्हणाली, "दिसतंय म्हणजे झालं नाही. लडकू येऊ दे. अर्धी भीती दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवायची नाही. पुरी झाली की मग न्या."

शहाणी आहे. पण घासलेलंच भांडं तिनं पुन्हा राखेत घातलं. राखेचं पाणी सगळीकडं.

मी काय काय योजतोय ते लिहून काढतो, म्हणजे डोक्यातून जाईल. आपांना हलवायचं? मातीत ठेवलेलं माणूस उकरायचं नसतं, आणि उकरलं तर खाली काय दिसेल? सिद्राला काय सांगायचं? तुझ्या नवऱ्याची हाडं बाजूला सारली गेली, कारण एका म्हाताऱ्याला टिचकी मारायची माहीत नव्हती? एकतीस वर्षांचा होता पोरगा. दारात आला की "चाचा, काही आणायचंय का वरून?" असं विचारल्याशिवाय माथेरानला चढला नाही कधी.

आणि लडकूनं काही पाहिलं असेल, आणि माझी अब्रू राखायला तो गप्प बसला असेल तर? हे सगळ्यात वाईट. माझ्यासाठी त्याच्या तोंडाला माती.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज वहीला सांगायलाही लाज वाटते. सिद्रा आली आणि मी दारातच म्हटलं, "कॉम्प्युटर बंद आहे, बेटा."

आतून पंख्याचा आवाज येत होता त्याच्या. तिनं तो ऐकला.

"चाचा, मागच्या शुक्रवारी मी काही चुकीचं बोलले का?"

"छे गं."

"मग रागावलात का?"

मेहनाजनं तिला आत नेऊन चहा पाजला. मी ओट्यावर बसून राहिलो, वाळत घातलेल्या मिरच्या मोजत. जाताना ती सलाम करून गेली. मी वर पाहिलं नाही. सत्तरी ओलांडलेला माणूस, तिशीच्या आतल्या पोरीला घाबरून मिरच्या मोजतोय.

शनिवार, २२ नोव्हेंबर

उद्या लडकू.

रविवार, २३ नोव्हेंबर

दुपारी लडकू आला. त्याला घेऊन कब्रस्तानात गेलो. टेप बरोबर घेतला होता. खांबापासून मोजलं. आपांची माती साडेबेचाळीसवर. माझ्या चिठ्ठीबरहुकूम, इंचभर चूक नाही. ज्याला अक्षर येत नाही तो आकडा कसा काटेकोर पाळतो, आणि मी!

तो उकिडवा बसला, बिडी शिलगावली. मी उभाच.

"लडकू, खरं सांग. इथं खोदताना काय लागलं?"

"काय लागनार? माती."

"नरम होती म्हणालास."

"नरमच असनार ना. त्यो खड्डा मीच बुजवलेला."

मला कळेना. "कुठला खड्डा?"

"तल्लाभाईच्या येळचा. कमरेइतका खोदला नि खालून पानी फुटलं. जुलैचा पाऊस, नदी भरलेली. बालदीनं उपसला, परत भरला. मौलाना म्हनाले, हितं पान्यात नाय ठेवायचा पोराला. मंग त्यो बुजवला नि वर रस्त्याकडच्या भिंतीला नवा मारला. तिथं उंचवटा हाय, कोरडं." बिडीचा झुरका घेतला आणि माझ्याकडं बघितलं. "तुमाला ठाव नाय?"

"मला कोण सांगणार? मी डेंग्यूनं पडलो होतो. चिठ्ठी दिली आणि परत पांघरूण घेतलं."

"समद्यांना वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं आसंल."

"आणि तू?"

"माला वाटलं, तुमच्या मशीनला कळतं."

मी खाली बसलो. बाकावर नाही, मातीत. गुडघ्याचं भान राहिलं नाही. आपांच्या खाली कुणी नाही. कधीच कुणी नव्हतं. मी तिथंच रडलो. लडकू घाबरला. "चाचा, उठा रं, लोकं बघतील. काय वंगाळ झालं का?"

"नाही रे. चांगलं झालं."

तो मला भिंतीपाशी घेऊन गेला. पायानं दाखवलं, हे डोकं, हे पाय. गाळ इथवर येत नाही तरी उंचवटा बसून गेलाय, वर टाकळा वाळलेला. टेप लावला, आकडे लिहून घेतले. फातिहा वाचली.

उठताना कळलं.

जीव भांड्यात पडला आणि भांडंच तडकलं म्हणायचं. दोन वर्षं, दर शुक्रवारी, मी सिद्राला बुजवलेल्या खड्ड्यासमोर बसवलं.

सोमवार, २४ नोव्हेंबर

सकाळी कॉम्प्युटर चालू केला. तल्हाची चौकट माऊसनं धरली. उचलायची, भिंतीपाशी ठेवायची, साठवा म्हणायचं. पाच सेकंदांचं काम. शुक्रवारी ती आली की त्या जागी ओळ लावून द्यायची, काही बोलायचं नाही. हुजैफालाही सांगायचं काही उरत नाही. मोहल्ल्यात कुणाचं काही बिघडत नाही.

बोट बटणावर होतं. पण जिला अर्ध्या सुताचा फरक दिसला, जो सुताराला दिसला नाही, तिच्यापुढून चाळीस फूट सरकवणार?

आणि दिसला नसता तरी. सोडून दिली चौकट. जिथं होती तिथं गेली.

मेहनाज म्हणाली, "आता भीती पुरी झाली. न्या."

सिद्राच्या घरापर्यंत जाऊन आलो. फळीचं फाटक, आत सासूचा आवाज, पोरगी अंगणात. कडी वाजवायला हात उचलला आणि परत फिरलो. सगळ्यांसमोर कसं सांगू. ती कामावरून यायची होती. शेवटी घरी येऊन फोनवर लिहिलं. एक बोटानं, पाऊण तास. वहीत उतरवून ठेवतो, म्हणजे उद्या मला फिरवता येणार नाही.

'सिद्रा बेटा, शुक्रवारी मी खोटं बोललो, कॉम्प्युटर चालू होता. तू चौकट रुंद दिसते म्हणालीस ते बरोबर होतं, पडदा बिघडला होता. तो शोधताना मला दुसरं कळलं. तल्हा त्या चौकटीत नाही. त्या दिवशी खड्ड्याला पाणी लागलं म्हणून त्याला वर रस्त्याकडच्या भिंतीजवळ कोरड्या जागी ठेवलं. मी आजारी होतो, मला कळलं नाही, मी जुन्या जागी नाव लिहून मोकळा झालो. चूक माझी. तुझ्या दुवा वाया गेल्या नाहीत, अल्लाला पट्टी लागत नाही. पण मी तुला चुकीच्या जागी बसवलं. मला बोल, शिव्या दे. तुला माझ्याकडं यायचं नसेल तर येऊ नकोस.'

पाठवलं. खाली दोन निळ्या रेघा आल्या. तिनं वाचलं.

उत्तर नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

सिद्राचा निरोप आला, सकाळी पावणेआठला. जसाच्या तसा लिहितो.

'चाचा, रस्त्याकडची भिंत म्हणजे जिथं रिसॉर्टला नेणारा आमचा सातचा टेम्पो थांबतो तीच ना? दोन वर्षं मी रोज सकाळी त्या भिंतीला पाठ लावून उभी राहते. आज टेकायला धीर झाला नाही, हात ठेवून उभी होते. ते नक्की कितव्या फुटावर आहेत ते बाहेरच्या बाजूनं मोजून कळवा. उद्या सातच्या आत हवंय. लवकर लिहा.'